दोन भोंग्यांच्या मधे

एकतीस वर्षं मृदा-यांत्रिकी शिकवणाऱ्या माणसाच्या वर्गात
मी शेवटच्या रांगेत बसले,
मांडीवर तक्ता, मुठीत स्टॉपवॉच,
आणि चेहरा असा, की मी इथे नाहीच.
तळघरातल्या आमच्या केंद्राला
पाठीमागे म्हणतात 'प्राध्यापकांचा दवाखाना'.
टिझार्डना विभागप्रमुखांनी पाठवलं होतं.
आपल्या पायांनी कोण येतं?

बाहेर सेंट जॉन्सचं बंदर धुक्यानं गिळलेलं.
आत चिकणमाती, पाणी, दाब.
ते फळ्याकडे तोंड करून बोलत होते
आणि फळा मन लावून ऐकत होता.
"मग हा उतार का घसरतो?"
विचारलं त्यांनी, आणि खडू न थांबवता
उत्तरही दिलं.
शून्य पूर्णांक आठ सेकंद.
तासाभरात बावीस प्रश्न,
सगळे त्यांचे, उत्तरंही त्यांचीच.
तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, हिरवा स्वेटर,
दर वेळी श्वास आत घ्यायची
आणि तसाच सोडून द्यायची.
त्या श्वासासाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही.
मी समासात रेघा ओढल्या. सात झाल्या.

मग आम्ही चित्रफीत पाहिली.
स्वतःची पाठ माणसाला सहसा दिसत नाही.
ते बराच वेळ बघत राहिले.
"कोट बदलायला झालाय," म्हणाले.
आणि थोड्या वेळानं,
"मला वाटायचं, मी थांबतो."

माझं वय त्यांच्या नोकरीएवढं.
मी पाठ केलेलं सांगून टाकलं:
प्रश्नानंतर मनात सातपर्यंत मोजा,
अमुक अभ्यास, तमुक टक्के, हे रंगीत पत्रक.
पत्रकाची घडी घालून त्यांनी ती
खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत खोचली.
खिडकी गप्प झाली.

तेवढ्यात बंदराचा भोंगा वाजला.

"माझे वडील भोंगा सांभाळायचे,
बेटावर. आम्ही, त्यांच्या तीन बकऱ्या, आणि तो.
चार सेकंद आवाज, छप्पन्न सेकंद काही नाही.
धुक्यात आवाज सगळे सारखेच वाटतात, मुली.
खलाशी ओळखायचे ते मधल्या गप्प राहण्यावरून,
हे कुठलं टोक, खडक कुठल्या अंगाला.
एकदा मी लवकर वाजवला.
नऊ वर्षांचा होतो, मला ती शांतता सोसेना.
वडिलांनी मारलं नाही.
उजाडेपर्यंत समुद्राकडे कान लावून बसले."

मी काही बोलले नाही.
बोलण्याचाच पगार घेते, तरी.

गुरुवारी पुन्हा शेवटची रांग.
"पाणी वाढत गेलं, तर माती काय करेल?"
आणि त्यांनी खडू खाली ठेवला.
दोन. तीन.
कुणी खोकलं. बाटलीचं झाकण घरंगळत गेलं.
पाच. त्यांचा हात खिशात, खिशात मूठ.
सहा. आता मलाच उत्तर द्यावंसं वाटू लागलं,
आणि मला तर उत्तर येतही नाही.
नऊ.
हिरवा स्वेटर (आज करडा होता) म्हणाला,
"ती विसरते, की आपण जमीन आहोत?"

वर्ग हसला. ते हसले नाहीत.
सूत्रात कुठेच न बसणारं ते उत्तर
त्यांनी जिभेवर घोळवल्यासारखं केलं,
आणि फळ्याकडे न वळता म्हणाले,
"विसरते म्हणजे? सांग."

पुढच्या प्रश्नाला पुन्हा एक सेकंद.
त्यापुढच्याला तर अर्धाच.
सवय काय खडूची रेघ आहे,
फडकं फिरवलं की गेली?

अहवालात 'सुधारणा' या शब्दापुढे मी लिहिलं:
एकदा, नऊ सेकंद.
संचालक बाईंनी चष्मा वर केला.
"बस? एवढंच?"

मी लगेच उत्तर देणार होते.